बॅटरीवरचा हवेचा पंप: शेतावर कुठे कामाचा आणि कुठे त्याच्या नादी लागू नये



मोबाईलवरच्या जाहिराती बघून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय: तो हातात मावणारा, बॅटरीवर चालणारा हवा भरायचा पंप ट्रॅक्टरला चालतो का? थोडक्यात उत्तर असं. मोटरसायकलला आणि पिकअपला चांगला चालतो, ट्रॅक्टरच्या चाकाची कमी झालेली हवा पुरी करायला चालतो, पण उसाच्या ट्रॉलीचं बसलेलं टायर उभं करायला चालत नाही, आणि तो प्रयत्न शेतावर करूही नये. मेसेज लांब आहे. पण पैशाचा प्रश्न आहे आणि त्यात एका ठिकाणी जिवाचाही आहे, म्हणून सवडीने पूर्ण वाचा.

*डब्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नका*

डब्यावर ठळक अक्षरांत १५० पीएसआय असं छापलेलं असतं. पीएसआय म्हणजे आपण ज्याला पौंड म्हणतो तेच. "पुढच्याला २५ मार" म्हणतो, ते २५ पीएसआय. आता १५० वाचून वाटतं, ट्रॉलीला ९० लागतात, मग हा तर सहज भरेल. तसं नसतं. १५० म्हणजे हा पंप दाब जास्तीत जास्त कुठपर्यंत चढवू शकतो तेवढंच. तिथं पोचायला किती वेळ लागेल, हे त्या आकड्यात नाही.

विहिरीवरच्या मोटरचं उदाहरण घ्या. मोटर घेताना आपण हेड किती आणि पाणी किती, असं दोन्ही विचारतो. नुसतं हेड बघून कोणी मोटर घेत नाही. हवेच्या पंपाचंही तेच आहे. पौंड म्हणजे हेड. आणि मिनिटाला किती लिटर हवा टाकतो, तो आकडा म्हणजे पाणी. हा दुसरा आकडा डब्यावर बारीक अक्षरांत असतो, एलपीएम किंवा लिटर प्रति मिनिट म्हणून. बऱ्याच छोट्या पंपांचा तो १० ते ३० च्या दरम्यान सापडेल. काही डब्यांवर तो नसतोच. नसेल तर तो पंप घेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता हिशेब करू. सोपा आहे. टायरच्या पोटात जितके लिटर जागा आहे, त्याला जितके पौंड वाढवायचे त्याने गुणायचं आणि १४.७ ने भागायचं. जेवढं उत्तर येईल तेवढे लिटर बाहेरची हवा आत जावी लागते. १४.७ कशाला, तर आपल्या आजूबाजूच्या हवेचा दाबच समुद्रसपाटीला तेवढे पौंड असतो.

ट्रॅक्टरचं मागचं १३.६-२८ मापाचं टायर घ्या. पोटात साधारण अडीचशे लिटर जागा. हवा १० वर आलीय, १४ वर न्यायचीय. ४ पौंडांना सुमारे ६८ लिटर हवा लागली. मिनिटाला २० लिटरचा पंप असेल तर साडेतीन मिनिटं. दोन्ही चाकांची सात. चहा होईस्तोवर काम झालं.

मोटरसायकलच्या टायरात आठ-दहा लिटरच जागा असते. दहा पौंड वाढवायला सहा-सात लिटर पुरतात. अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेर.

आता ट्रॉलीचं ९.००-२० घ्या. पोट ट्रॅक्टरच्या चाकापेक्षा लहान, शंभर लिटरच्या आसपास. पण शून्यावरून ९० वर न्यायचं तर सहाशेच्या वर लिटर हवा लागते. कागदावर अर्धा तास. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त, कारण आतला दाब चढत जाईल तसा पंप मिनिटाला कमी कमी हवा टाकतो. डब्यावरचे २० लिटर हे बहुधा मोकळ्या तोंडाचे असतात, ८० पौंडाच्या विरुद्धचे नाहीत. शिवाय असे पंप सलग चालवायचे नसतात. दहा-पंधरा मिनिटं चालले की तेवढाच वेळ थंड होऊ द्यायचे असतात. पुस्तिकेत हे लिहिलेलं असतं, पण दुकानदार सांगत नाही. एवढ्यात बॅटरी बसते, नाही तर पंपाचा पिस्टन भाजतो. म्हणजे दिसायला लहान टायर, पण हवा खायला मोठं.

*मग ट्रॅक्टरवाल्याला त्याचा खरा उपयोग काय?*

उपयोग आहे, आणि आमच्या मते तो हवा भरण्यापेक्षा हवा मोजण्यात जास्त आहे. आपल्याकडे ट्रॅक्टरची हवा कधी बघतात? पंक्चरवाल्याकडे काही कामाला गेलो तर. तोही टायरला लाथ मारून नाही तर हातोडी वाजवून सांगतो की ठीक आहे. मागच्या मोठ्या टायरला शेतातल्या कामाला साधारण १२ ते १६ पौंड लागतात. तुमच्या टायरचा नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो, तोच धरायचा. एवढ्या कमी दाबाला एक पौंडाचा फरकही मोठा. १४ मधला एक पौंड म्हणजे सात टक्के. तो लाथेने कळत नाही.

रस्त्यावर भरधाव जायचंय म्हणून मागच्या चाकात २२-२५ भरून ठेवलेले ट्रॅक्टर आपल्या भागात कमी नाहीत. तेच चाक मग नांगरटीला उतरतं. टायर टणक, जमिनीला टेकतं थोडं, चाक घसरतं, डिझेल जास्त जळतं आणि वरचा थर दाबला जातो. पाऊस झाल्यावर चाकाच्या पट्ट्यात पाणी तुंबलेलं आणि उगवण विरळ दिसते ना, त्यामागे ओलीत ट्रॅक्टर घालणं हे मोठं कारण, पण जास्तीची हवाही त्यात भर घालते. उलट हवा फार कमी असेल तर ओढकामात टायर रिमवर सरकतं, ट्यूब ओढली जाते आणि वॉल मुळातून तुटतो. मग पंक्चर नव्हे, नवी ट्यूबच.

रोटाव्हेटरच्या कामाला एक दाब, ट्रॉली ओढायला दुसरा, हे पुस्तिकेत असतं, पण कोणी पाळत नाही. कारण हवा कमी करणं सोपं, परत भरायला मात्र गावात जावं लागतं. पंप टूलबॉक्समध्ये असेल तर बांधावरच हे जमतं. एक सोपा उपाय करा. तुमच्या ट्रॅक्टरचे दोन आकडे, शेतातला आणि रस्त्यावरचा, मडगार्डच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून टाका. ड्रायव्हर बदलला तरी आकडा तिथेच राहतो.

मोजायचं ते सकाळी, चाकं गार असताना. उन्हात उभ्या राहिलेल्या किंवा रस्त्यावर पळून आलेल्या टायरची हवा तापून वाढलेली दिसते. ती "जास्त झाली" म्हणून सोडू नका. रात्री गार झाली की कमी पडेल. आणि पंपाच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास नको. पेनासारखा हवा मोजायचा साधा गेज थोडक्या पैशात मिळतो. महिन्यातून एकदा त्याच्याशी ताडून बघा.

*चाकात पाणी भरलेलं असेल तर हे आधी वाचा*

ओढकामासाठी बऱ्याच जणांनी मागच्या चाकात पाणी भरून घेतलेलं आहे. साधारण पाऊण चाक पाणी आणि वर पाव चाक हवा. अशा चाकाला पंप लावताना वॉल वरच्या बाजूला, घड्याळात बारा वाजतात तिथे, आणून मगच ट्रॅक्टर उभा करा. वॉल खाली असेल तर पंपाच्या नळीत पाणी उलटं येतं. छोट्या पंपाच्या आत पाणी गेलं की गेज गेला आणि बहुधा पंपही गेला. वॉरंटीत ते बसत नाही.

दुसरं म्हणजे, तिथं हवेला जागाच साठ-बासष्ट लिटर. चार पौंड वाढवायला मिनिटभरही पुरतं. पंप लावून दुसऱ्या कामाला गेलात तर आकडा बघता बघता पुढे गेलेला असतो. पाहिजे तेवढ्यावर आपोआप बंद होणारा पंप असेल तर आकडा आधी लावून ठेवा, तरीही शेजारी उभे राहा.

*ट्रॉलीच्या टायरबद्दल, हात जोडून*

गाळप हंगाम सुरू झाला की ट्रॉल्या रात्रंदिवस पळतात, म्हणून हा भाग ड्रायव्हरला आणि टोळीच्या मुकादमालाही वाचून दाखवा.

ट्रॉलीच्या बऱ्याच चाकांची रिम एकसंध नसते. टायर बसवल्यावर बाजूने लोखंडी लॉक रिंग ठोकून बसवलेली असते, ट्रकसारखी. ती रिंग जागेवर धरून ठेवते ती आतली हवाच. हवा बसलेल्या टायरवर ट्रॉली थोडी जरी ओढली गेली, तर टायरची कड आतून चिरडलेली असू शकते किंवा रिंग जागेवरून हललेली असू शकते. बाहेरून काही दिसत नाही. अशा चाकात हवा भरताना साठ-सत्तर पौंडाला रिंग सुटली तर ती तोफगोळ्यासारखी येते. माणूस समोर असेल तर वाचत नाही. पंक्चरची कामं करणारे जुने लोक हे चांगलं ओळखून असतात. चांगल्या दुकानात अशा चाकात हवा भरताना ते लोखंडी पिंजऱ्यात ठेवतात, ते यासाठीच.

म्हणून नियम असा धरा. ट्रॉलीच्या चाकाचा दाब हव्या त्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने किंवा जास्त कमी झाला असेल आणि त्यावर गाडी चालली असेल, तर त्यात जागेवर हवा भरायची नाही. ९० च्या जागी ७२ किंवा खाली असेल तर चाक खोलून दुकानात. त्याहून थोडी कमी, ८०-८५ असेल, तर छोट्या पंपाने पुरी करता येते. दहा पौंडांना सुमारे ६८ लिटर, म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकाएवढीच हवा. पण दाब चढलेला असल्याने वेळ दुपटीच्या आसपास लागेल.

भरतानाही टायरच्या तोंडासमोर उकिडवं बसायचं नाही. नळीला आटे किंवा चिमटा असलेलं तोंड हवं, जे लावून मोकळं होता येईल. मग चाकाच्या बाजूने, टायरच्या नक्षीच्या दिशेला दोन-तीन पावलं लांब उभं राहायचं. हाताने दाबून धरावं लागतं असं तोंड असलेला पंप ट्रॉलीसाठी घेऊच नका.

आणि पंप जवळ आहे म्हणून रात्री भरल्या ट्रॉलीनिशी हायवेच्या कडेला थांबू नका. मागून येणाऱ्याला उसाची ट्रॉली अंधारात दिसत नाही. शक्य तेवढं पुढे पेट्रोल पंपावर किंवा उजेडाच्या मोकळ्या जागेत घ्या. मागे लाल रिफ्लेक्टर नसेल तर पंपाआधी ते पैसे तिकडे घाला.

*नोझलला तोंड लावणं बंद करायची ही संधी आहे*

फवारणी चालू असताना नोझल तुंबलं की काय करतो? काढतो आणि तोंडाने फुंकतो. हे शिकलेले लोकही करतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. औषध अंगात अनेक वाटांनी जातं, पण तोंडाने फुंकणं म्हणजे आपण स्वतः दिलेली वाट आहे.

तर नोझल आधी स्वच्छ पाण्यात खळबळा. मऊ दातब्रशने घासा. तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं होतं आणि फवारा बिघडतो. तरी निघालं नाही तर चिमट्यात किंवा हातमोज्यात धरून, भोक अंगापासून लांब ठेवून, पाणी बाहेर पडतं त्याच्या उलट्या बाजूने पंपाची हवा मारा. डोळ्याला चष्मा पाहिजे, कारण उडणाऱ्या थेंबात औषधच असतं. एक जास्तीचं नोझल खिशात ठेवणं हा याहूनही स्वस्त उपाय आहे, तोही करा.

*फिल्टर आणि जाळी*

इथं अपेक्षा कमी ठेवा. टाकी नसलेल्या छोट्या पंपाची हवा म्हणजे बारीक फुंकर असते. पंक्चरच्या दुकानात जो झोत बघतो, तो टाकीत साठवलेल्या हवेचा असतो. कागदी एअर फिल्टरला मात्र ही मंद फुंकर बरीच असते. फिल्टर बाहेर काढून आतून बाहेर हवा मारायची, ३० पौंडाच्या वर नाही, आणि तोंड कागदाला टेकवायचं नाही. दुकानातला जोरदार झोत बाहेरून मारला की धूळ कागदात रुतते किंवा कागद फाटतो, आणि फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली धूळ इंजिनाचे लायनर-पिस्टन खाते. जुन्या ट्रॅक्टरला तेलाचा फिल्टर असेल तर हवेचं कामच नाही, वाटीतलं तेल बदला आणि जाळी डिझेलने धुवा.

सोयाबीनच्या मळणीत रेडिएटरची जाळी भुसाने भरते. त्याला बॅटरीवरचा ब्लोअर बरा. दाब कमी पण हवा भरपूर. इंजिन बंद आणि गार करून, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हवा मारायची, म्हणजे भुसा आला त्या वाटेनेच परत जातो.

ठिबकच्या नळ्यांत हवा मारून ड्रिपर मोकळे होतील, असंही कुणी विचारलं होतं. क्षार बसलेले ड्रिपर हवेने सुटत नाहीत. त्याला आम्लाची प्रक्रिया, आणि शेवाळाला क्लोरीन. दोन्ही एका वेळी कधीच नाही, विषारी वायू होतो. आणि पीव्हीसीची मेन लाईन गळते का, हे हवा भरून तपासू नका. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते. पाईप फुटला तर पाण्याने भिजाल, हवेने मात्र पाईपचे तुकडे अंगात घुसतील. तपासणी पाण्यानेच.

मळणीनंतर अंगावरची धूळ उडवायला हवा अंगाकडे कधी धरू नका. डोळा, कान, जखम, कुठूनही ती आत जाऊ शकते. पोरांच्या हातात खेळायला तर नाहीच.

*बॅटरीचं लाड आणि बॅटरीची भीती*

ही बॅटरी लिथियमची असते. तिला वैशाखातलं ऊन मानवत नाही. ट्रॅक्टरचा बंद टूलबॉक्स उन्हात तापून लाल होतो, तिथं पंप दिवसभर ठेवू नका. हंगाम संपला म्हणून रिकामी बॅटरी कपाटात सहा महिने पडली तर बऱ्याचदा परत जागी होत नाही. निम्मी भरून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

चार्जिंग घरी, डोळ्यासमोर, फरशीवर. कडब्याच्या गंजीजवळ, कापूस साठवलेल्या खोलीत किंवा रात्रभर गोठ्यात नाही. फुगलेली, पडून दबलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी चार्जला लावायची नाही. आग लागली तर ती लवकर विझत नाही. चार्जर आणि बॅटरी मूळ कंपनीचेच ठेवा.

पंप चालवताना थेट मातीवर ठेवू नका. तो हवेबरोबर धूळही ओढतो. खाली पोतं टाका किंवा बॉनेटवर ठेवा. काम झाल्यावर नळीचं पितळी तोंड चांगलंच तापलेलं असतं, लगेच धरलं तर चटका बसतो.

*घ्यायचा कुठला?*

तीन प्रकार आहेत. पहिला, आतच बॅटरी असलेला छोटा. मोटरसायकल, सायकल, कार एवढ्यालाच. दुसरा, ड्रिल-ग्राइंडरची १८ किंवा २० व्होल्टची काढता येणारी बॅटरी लागणारा. ज्यांच्याकडे अशी हत्यारं आधीच आहेत त्यांनी त्याच कंपनीचा नुसता पंप घ्यावा, बॅटरीचे पैसे वाचतात. ट्रॅक्टरवाल्याला हा बरा. तिसरा, छोटी टाकी असलेला. झोत जरा जोरात, पण महाग आणि जड, आणि टाकी दोन-चार फुंकरांत रिकामी. वैयक्तिक शेतकऱ्याने घ्यावा असं आम्हाला वाटत नाही.

आणि एक चौथा आहे, ज्याची जाहिरात कोणी करत नाही. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची आहेच. तिला चिमटे लावून चालणारा वायरचा पंप बहुधा स्वस्त पडतो आणि वेगळ्या बॅटरीचा जाचही नाही. ज्यांना फक्त ट्रॅक्टर आणि पिकअपची हवा बघायची आहे, त्यांनी आधी हा बघावा. मोकळ्या जागेत इंजिन चालू ठेवून वापरा, नाही तर स्टार्टरला बॅटरी कमी पडेल. गाडीतल्या सिगारेट-लायटरच्या भोकात मोठा पंप लावू नका, फ्यूज उडतो.

दुकानात पंप चालू करून बघा. स्वतःच्या मोटरसायकलची थोडी हवा सोडा आणि तो किती वेळात भरतो ते मोबाईलवर मोजा. नळी ट्रॉलीच्या आतल्या चाकाच्या वॉलपर्यंत पोचते का, तोंड आट्याचं आहे का, गेजवर १२-१४ सारखा कमी आकडा स्पष्ट दिसतो का, हे तिथेच ठरवा. पक्कं बिल घ्या. सुटी बॅटरी आणि नळी तालुक्याला मिळते का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

ज्यांना आपल्या ट्रॅक्टरच्या टायरचा योग्य दाब माहीत नाही, त्यांनी टायरच्या बाजूवरचं माप आणि ट्रॅक्टरचं मॉडेल, दोन्हींचा फोटो याच नंबरवर पाठवा. चाकात पाणी भरलंय की नाही, तेही लिहा. आकडा कळवतो.